आपला फोन जरा वापरू का?

विक्रांतने माझा फोन जमिनीवर ठेवला, त्याच्यावर खुर्चीचा पाय टेकवला आणि तो खुर्चीत बसला. काच तडकल्याचा बारीकसा आवाज आला. त्याचं समाधान झालं नाही. तो उठला, खुर्ची उचलून फोनवर आपटली. मी फोन ओढून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा त्याने ती पुन्हा आपटली. या वेळी ती माझ्या हातावर आली.

"आईशी गप्पा मारायला आणलंय का तुला इथं?" एवढंच तो म्हणाला. मग आरशासमोर उभा राहून त्याने भांग पाडला.

डाव्या हाताची करंगळी बघता बघता काळीनिळी झाली. मी ती गार पाण्याखाली धरली, रुमाल गुंडाळला आणि त्याच्या मागोमाग नाश्त्याला खाली गेले. फोन न्हाणीघरात पडून फुटला, तो उचलताना दारात बोट चेमटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. काय सांगायचं ते विक्रांतने लिफ्टमध्येच ठरवून दिलं होतं.

इस्तंबूलमधली ती आमची पहिली सकाळ. माझ्या सासऱ्यांची एकसष्टी होती आणि ती तुर्कस्तानात साजरी करायची असं शेट्यांच्या घरात ठरलं होतं. सोलापुरात त्यांची ट्रॅक्टरची मोठी एजन्सी. सासू, सासरे, थोरले दीर अभयदादा, जाऊबाई, दोन आत्या, त्यांचे यजमान, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, अशी पंधरा-सोळा माणसं. सगळी एकाच घरातली, सगळ्यांसाठी मिळून एक बस. त्या बसमध्ये शेटे नसलेली माणसं दोनच, ड्रायव्हर आणि नेवझत नावाचा गाईड. मी लग्नानंतर शेटे झालेली.

मी कराडची. वडील एसटीत ड्रायव्हर होते. ते गेले तेव्हा मी शाळेत होते, आणि त्यांच्या जागी आईला कंडक्टर म्हणून घेतलं. तिने खाकी घालून, तिकिटं फाडून मला फार्मसीपर्यंत शिकवलं. शेट्यांचं स्थळ आपणहून आलं तेव्हा तिला कोण आनंद झाला. डेपोतल्या प्रत्येक माणसाला तिने स्वतःच्या हाताने पेढा दिला. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात विक्रांतने मला पहिल्यांदा जिन्यावरून ढकललं. मी आईला फोन केला आणि पाय मुरगळलाय म्हणून सांगितलं. पुढची दीड वर्षं मी तिला असंच काहीबाही सांगत राहिले. तिच्या आवाजातला तो आनंद मला मोडवत नव्हता.

घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. विक्रांतने माझ्या पाठीवर इस्त्री टेकवली तेव्हा जाऊबाईंनीच कोरफड लावून दिली होती. लावताना त्या भिशीबद्दल बोलत होत्या.

नेवझत पन्नाशीचा, टक्कल पडलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस होता. त्याचं इंग्रजी साधं होतं, त्यामुळे सगळ्यांना कळायचं. बस शहराबाहेर पडली की तो माइक हातात घ्यायचा आणि रोज एकाला विचारायचा, तुम्हाला तुर्कीत कोणतं वाक्य शिकायचंय? अभयदादांनी 'भाव कमी करा' शिकून घेतलं. आत्याबाईंनी 'यात मांस आहे का' विचारायला शिकून घेतलं. कोन्या शहराकडे जाताना माझी पाळी आली.

मी म्हटलं, कुणाचा फोन मागायचा असेल तर कसं विचारायचं? आणि लगेच हसून जोडलं, माझा फोन फुटलाय, बाजारात हरवले तर उपयोगी पडेल.

सगळे हसले. नेवझतही हसला. पण हसताना त्याची नजर माझ्या रुमाल बांधलेल्या हातावर जाऊन आली. मग त्याने ते वाक्य तुकडे पाडून सांगितलं. अफेदेर्सिनिझ, म्हणजे माफ करा. तेलेफोनुनुझु, आपला फोन. कुल्लानाबिलिर मियिम, वापरू शकते का. तो म्हणाला, यात 'नुझु' महत्त्वाचं. त्याऐवजी नुसतं 'नु' म्हटलं तर 'तुझा फोन' होतं. अनोळखी माणसाला असं म्हणत नाहीत. मी म्हटलं, आमच्या भाषेतही असंच आहे, तू वेगळं आणि आपण वेगळं.

"आपण-बिपण कशाला?" अभयदादा मागून म्हणाले. "पैसे देतोय की आपण सगळ्याचे."

पुन्हा हशा झाला. विक्रांतही हसत होता. आमच्या मांडीवर एकच शाल होती. तिच्याखाली त्याने माझी सुजलेली करंगळी पकडली आणि उलटी वाकवायला सुरुवात केली. नेवझत मला पूर्ण वाक्य म्हणून दाखवायला सांगत होता. मी मध्येच अडखळले. डोळ्यांपुढे अंधारी आली. मग मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि शेवटपर्यंत म्हटलं. बसमध्ये टाळ्या पडल्या.

त्यानंतर नेवझत रोज सकाळी बसमध्ये चढता चढता मला ते वाक्य म्हणायला लावायचा. उच्चार चुकला की दुरुस्त करायचा. बाकी कुणाचं वाक्य त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. घरच्यांना ती एक गंमतच झाली. 'वैजयंतीचा फोन' म्हणून ते मला चिडवायचे. विक्रांतला मात्र ती गंमत दिवसेंदिवस कमी वाटायला लागली.

कोन्याहून आम्ही कॅपाडोशियाला निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम हवेच्या बलूनमध्ये बसायचं होतं आणि सगळे त्याचीच चर्चा करत होते. विक्रांत माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "एवढ्या वरून एखादं माणूस खाली गेलं, तर पडलं का ढकललं ते कोण सांगणार गं?" आणि समोरच्या आत्याबाईंना त्याने चिक्कीचा तुकडा दिला.

तो नुसतं बोलायचा नाही. जिन्यावरून ढकलायच्या आदल्या दिवशीही त्याने मला जिना किती उंच आहे ते विचारलं होतं.

दुपारी बस रस्त्याकडेच्या एका खाणावळीपाशी थांबली. चारी बाजूंना गव्हाची कापलेली, उजाड रानं. एका मांडवाखाली तीन बायका मोठ्या पाटांवर पोळ्या लाटत होत्या. त्यांची लाटणी काठीसारखी लांब आणि बारीक होती. शेजारी उलट्या घमेल्यासारखा मोठा लोखंडी तवा, खाली जाळ. पोळीत पालक आणि चीज भरून, घडी घालून त्या भाजत होत्या. घरचे सगळे टेबलांवर जाऊन बसले. सासूबाईंना संडासला जायचं होतं, म्हणून मी त्यांना घेऊन मागच्या बाजूला गेले.

संडास मांडवापासून जरा लांब, एका भिंतीआड होते. बाहेर सिमेंटची टाकी आणि तिला पितळी नळ. सासूबाई आत गेल्या, त्यांनी कडी लावली. मी वळले तर विक्रांत उभा होता.

"त्या टकल्याला काय सांगितलंयस?"

मी म्हटलं, काही नाही.

"मग तो रोज तेच तेच का म्हणून घेतो तुझ्याकडून? कुणाला करणारेस फोन?"

मी उत्तर द्यायच्या आत त्याने पोटात गुद्दा मारला. मी वाकले, तशी त्याने मानेला धरून मला टाकीकडे फिरवलं. पहिल्यांदा माझं कपाळ सिमेंटवर आपटलं. दुसऱ्यांदा तोंड नळावर. काहीतरी तुटल्याचा आवाज डोक्याच्या आत झाला आणि तोंड गरम, खारट झालं. मी ओरडले. "सासूबाई," म्हणून ओरडले. संडासाचं दार चार पावलांवर होतं. आतून कडी निघाल्याचा आवाज आला नाही. आत पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

त्याने आणखी दोन लाथा घातल्या, एक बरगडीवर आणि एक मांडीवर. मग धापा टाकत थांबला. त्याच नळाखाली त्याने हात धुतले, ओंजळीने तोंडावर पाणी मारलं. पाय घसरला म्हणून सांग, तोंड धू, मी ओढणी आणतो बसमधून, असं तो अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला आणि गेला.

मी टाकीला धरून उभी राहिले. हातात दाताचा तुकडा होता. घरी असते तर मी तोंड धुतलं असतं. पण मला उद्याची सकाळ दिसत होती, बलूनची ती टोपली आणि खालची जमीन. मी तोंड धुतलं नाही. भिंतीला वळसा घालून मांडवाच्या मागच्या बाजूने त्या तीन बायकांकडे चालत गेले.

माझ्या हनुवटीवरून रक्त गळत होतं, कुर्ता पुढून लाल झाला होता. घरच्यांची टेबलं दुसऱ्या टोकाला होती. अभयदादांनी मान वर करून पाहिलं, आमची नजरानजर झाली आणि त्यांनी पुन्हा ताटात पाहिलं. मी लाटणाऱ्या बायकांपैकी सगळ्यात जवळच्या बाईसमोर उभी राहिले. चाळिशीची, रुंद खांद्यांची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी श्वास घेतला, ओठ पुसले आणि नेवझतने शिकवलं होतं तसं, एकही अक्षर न गाळता म्हटलं,

"अफेदेर्सिनिझ, तेलेफोनुनुझु कुल्लानाबिलिर मियिम?"

 तिने पिठाचे हात एप्रनला पुसले, खिशातून फोन काढला, त्याचं कुलूप उघडून माझ्या हातात दिला. मग माझ्या आणि टेबलांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

मला पाठ असलेला नंबर एकच होता. आधी भारताचा आकडा लावायचा हे लक्षात होतं. बराच वेळ नुसती खरखर, मग घंटी, मग आईचा आवाज.

"हॅलो, कोण बोलतंय? जरा मोठ्यानं बोला, गाडीत आहे मी."

"आई, वैजू."

"हा कुणाचा नंबर गं? काय झालं?"

मला वाटलं होतं, खूप बोलावं लागेल. इतक्या दिवसांचं कुठून सुरू करायचं ते मी रोज मनात घोकत होते. पण तोंडातून एवढंच आलं, "आई, हा मला मारतो. पहिल्यापासून मारतो. उद्या जीवच घेईल."

 तेवढ्यात विक्रांत आला.

तो हसत आला. हातात माझी ओढणी होती. बायकांना इंग्रजीत सॉरी म्हणाला, माझ्याकडे बोट दाखवून कपाळाशी बोट फिरवलं, माझी बायको आजारी आहे, असं काहीतरी. आणि फोनसाठी हात पुढे केला. फुलांच्या रुमालवाल्या बाईने तो हात मनगटाला धरून बाजूला सारला. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या छातीत धक्का दिला. ती पाटावर उताणी पडली, पीठ उडालं, बाकीच्या दोघी ओरडत उठल्या. त्याने माझे केस मुठीत धरले, एक वेढा दिला आणि खाली खेचलं. फोन माझ्या हातातून पिठात पडला. मी गुडघ्यांवर आले. त्याने माझं डोकं पाटाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटायला त्याने मागे खेचलं, तेव्हा माझ्या उजव्या हाताला लाटणं लागलं.

मी आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. कसं मारायचं हेही माहीत नव्हतं. केस धरलेल्या हातावरच मी ते पूर्ण ताकदीने घातलं. मनगटाचं हाड मोडल्याचं मला लाटण्यातून जाणवलं. केस सुटले. तो हात पोटाशी धरून वाकला, आणि मी उठून त्याच्या कानावर मारलं. मग गुडघ्यावर. तो तोल जाऊन मागे गेला, सावरायला त्याने धड हात टेकला आणि तो हात तापलेल्या तव्यावर पडला. तो किंचाळला. कातडीचा वास आला. मी थांबले नाही. तो जमिनीवर लोळत होता आणि मी मारत होते, पाठीवर, खांद्यावर, पायांवर. लाटणं मोडलं, तर हातात राहिलेल्या तुकड्याने मारलं. मला राग आला होता असंही म्हणता येणार नाही. मला फक्त तो उठायला नको होता. आमच्या बसच्या ड्रायव्हरने मागून येऊन मला कमरेला धरून उचललं, तेव्हा कुठे मी थांबले. मांडवात सगळे उभे होते. शेट्यांच्या घरातली माणसं पहिल्यांदाच ओरडत होती.

तिथल्या खेड्यापाड्यांत जंदार्मा नावाचे शिपाई पोलिसांचं काम करतात. त्यांची गाडी लवकर आली. विक्रांतला दवाखान्यात नेलं, बाकी आम्हा सगळ्यांना चौकीत. तिथला अधिकारी तरुण होता आणि त्याच्यासमोर प्रकरण सोपं होतं. एका परदेशी बाईने नवऱ्याचं मनगट मोडलं होतं, त्याचा तळहात भाजला होता. मारताना पाहणारे पंधरा जण होते. तिला मार बसताना पाहिलं असं म्हणणारं तिच्या माणसांपैकी कुणी नव्हतं.

अभयदादा आधी बोलले. त्यांनी सांगितलं, हिच्या डोक्यावर लग्नाआधीपासून परिणाम आहे. स्वतःला इजा करून घेते. फोन स्वतःच फोडला, बोट स्वतःच चेमटवलं. आज संडासापाशी स्वतःच डोकं आपटून घेतलं आणि नवरा सावरायला गेला तर त्याच्यावर उलटली. आत्याबाईंनी मान डोलावली. जाऊबाईंनी डोळे पुसले आणि हो म्हटलं. मग अधिकाऱ्याने सासूबाईंना विचारलं, कारण त्या संडासात होत्या हे मी सांगितलं होतं.

"मला कमी ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या.

हे सगळं नेवझत तुर्कीत सांगत होता. त्याचं कामच ते होतं. सासरे त्याच्याकडे रोखून बघत होते. टूर कंपनीच्या मालकाला त्यांनी मघाशीच फोन लावला होता. नेवझतने त्यांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि माझंही जसंच्या तसं. स्वतःचं काही घातलं नाही. मी इस्त्रीचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, बलूनचं सांगितलं. अधिकारी लिहून घेत होता, पण वर बघत नव्हता. शेवटी त्याने पेन ठेवलं आणि नेवझतला काही विचारलं. नेवझतने मला सांगितलं, तो विचारतोय, तुम्ही मानसिक आजारावर औषधं घेता का? तुम्हाला तपासणीसाठी मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल.

तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावरून ती रुमालवाली बाई उठली. शेरिफे तिचं नाव. तिचा जबाब आधीच झाला होता. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती अधिकाऱ्याच्या टेबलापाशी आली, दोन्ही तळवे त्यावर टेकवले आणि बोलायला लागली. मला एकच शब्द कळला, कारण तो तिने दोनदा म्हटला आणि दोन्ही वेळा 'नुझु' वर जोर दिला. तेलेफोनुनुझु.

अधिकाऱ्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नेवझतला विचारलं, काय म्हणाली?

तो म्हणाला, "ती म्हणते, या बाईच्या तोंडातून रक्त वाहत होतं, दात हातात होता. माझ्यासमोर येऊन तिने आधी माफी मागितली आणि मग विचारलं, आपला फोन जरा वापरू का? ती म्हणते, माझी स्वतःची मुलगीसुद्धा माझ्याशी इतक्या अदबीनं बोलत नाही. डोकं फिरलेली बाई असं विचारत नाही. आणि तेव्हा या पंधरा जणांपैकी एकही टेबलावरून उठला नाही. ते तिथेच बसून खात होते, हे मी पाहिलंय."

त्यानंतर प्रश्न विचारायची तऱ्हा बदलली. अधिकाऱ्याने एका बाई शिपायाला बोलावलं. तिने मला आतल्या खोलीत नेऊन माझी पाठ पाहिली, इस्त्रीचा डाग पाहिला, बरगड्या पाहिल्या. इस्त्रीचा डाग जुना होता आणि तो माणसाला स्वतःच्या पाठीवर करून घेता येत नाही. ती बाहेर जाऊन चार वाक्यं बोलली. मग त्यांनी विक्रांतच्या कमरेच्या पाकिटातून माझा पासपोर्ट मागवून घेतला आणि माझ्या हातात दिला.

सासरे माझ्याजवळ येऊन बसले. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी थेट बोललेच नव्हते. काही हवं असलं तर 'हिला सांग' असं सासूबाईंना म्हणायचे.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. घरातलं घरात मिटवू. परक्या मुलखात आपलीच अब्रू कशाला काढता? चला, बस थांबलीय."

मी म्हटलं, "मी येणार नाही. आपण जा."

ते उठून गेले. खिडकीतून दिसलं, ड्रायव्हरने माझी बॅग तेवढी काढून पायरीवर ठेवली आणि बस गेली. दुसऱ्या एका गाईडला त्यांनी फोनवर बोलावून घेतलं होतं. नेवझतचं काम त्याच दिवशी सुटलं. चौकीबाहेर पायरीवर तो सिगारेट ओढत होता. मी त्याला विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं होतं?

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला. "पण मी विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असता."

ते खरं होतं.

शेरिफेचा फोन तिने पिठातून उचलून, पुसून आणला होता. तो वाजला. आई होती. त्या दोघींचं आधीच काहीतरी बोलणं झालं होतं म्हणे, एकीचं तुर्कीत आणि एकीचं मराठीत. शेरिफेने तो माझ्या कानाला लावला.

आईने मी कुठे आहे विचारलं. कुणाबरोबर आहे, पासपोर्ट कुणाकडे आहे, ते विचारलं. मग म्हणाली, "तू मारलंस त्याला?"

"हो."

"उभी आहेस ना तू?"

"उभी आहे."

"मग आता खाली बसायचं नाही, वैजू."

कागदपत्रं होईपर्यंत मी शेरिफेच्या घरी राहिले. नेवझत वकिलातीत खेटे घालत होता. बरगड्यांमुळे मला कुशीवर वळता यायचं नाही, तर ती मला उशांनी टेकवून बसवायची आणि वाटीने सूप पाजायची. विक्रांतवर तिथे गुन्हा नोंदवला गेला, तो जामिनावर सुटून परत आला, पुढे सोलापुरात आणि कराडात कोर्टं झाली. घटस्फोट मिळायला बरीच वर्षं गेली. समोरच्या वकिलाने भर कोर्टात विचारलं, हातातलं लाटणं मोडेपर्यंत मारायची काय गरज होती? मी म्हटलं, तोपर्यंत तो उठायचा प्रयत्न करत होता. न्यायाधीशबाईंनी ते तसंच लिहून घेतलं. आता माझं कराडात औषधांचं दुकान आहे. पुढचा दात खोटा आहे. करंगळी सरळ झाली नाही.

त्या दुपारी आईला फोनवर नेमकं काय आणि किती ऐकू गेलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. ते मला कळलं गेल्या वर्षी, ती निवृत्त झाली तेव्हा.

डेपोत छोटासा समारंभ होता. हार, नारळ, साडी, चार जणांची भाषणं. मुजावरकाका मुद्दाम आले होते. आईच्या गाडीवर बरीच वर्षं तेच ड्रायव्हर होते आणि तिच्याआधी निवृत्त झाले होते. चहाच्या वेळी ते माझ्याशेजारी येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी आम्ही कुंभार्ली घाट उतरत होतो," ते म्हणाले. "गाडी भरलेली, माणसं उभी. तुझ्या आईला फोन आला. ती मागून पुढं आली, कानाला फोन तसाच. मला म्हणाली, मुजावर, गाडी थांबवा. पुढच्या वळणानंतर रेंज जाते, इथंच थांबवा. तिचा चेहरा बघून मी काही विचारलं नाही. कडेला घेतली, इंजिन बंद केलं. तिचा अंगठा लागून फोनचा स्पीकर चालू झाला. बंद करायचं तिला सुचेना."

 आई पलीकडे फोटोसाठी उभी होती. कुणीतरी तिच्या डोक्यावर फेटा बांधत होतं.

"सगळ्या गाडीनं ऐकलं, पोरी. तुझं ओरडणं, त्याचं ओरडणं, त्या बायकांचा कालवा. तान्ही पोरं होती गाडीत, त्यांच्या आयांनी त्यांना पदराखाली घेतलं. एक माणूस चिपळूणला पेशंटला भेटायला निघालेला, घाईत होता, मघापासून मला गाडी हाणा म्हणत होता. तो उठला. मला वाटलं, आता भांडणार. तो खाली उतरला, रस्त्याकडेचे दोन मोठे दगड आणले आणि मागच्या चाकांना लावले. परत येऊन उभा राहिला. त्या फोनवाल्या बाईचा आवाज येऊन, पोरगी आमच्याकडे आहे हे तुझ्या आईला उमजेपर्यंत आम्ही तिथंच होतो. मागं गाड्यांची रांग लागली. गाडी कधी सोडणार, म्हणून एका माणसानं विचारलं नाही."

त्यांनी कप उचलला. चहा गार झाला होता, तरी पिऊन टाकला. मग फोटोवाल्याने आम्हाला दोघांनाही हाक मारली आणि आम्ही उठून आईच्या बाजूला जाऊन उभे राहिलो.